आईच्या नव्वदीची बिअर

थॉर्नबी, काउंटी डरहॅम
४ ऑगस्ट १९७४

टीसडेल घराण्यातल्या, ज्याची जीभ अजून शाबूत आहे अशा प्रत्येक माणसास,

म्हणजे विनी, तुला, मला आणि आईला. बाकीचे एक तर वारले किंवा शेरी प्यायला लागले.

आपल्या सगळ्यांवर एकच अन्याय झाला आहे आणि तो आपण फार दिवस मुकाट्याने गिळत आलो आहोत. क्लबातला बिअरचा हातपंप काढून टाकला. ज्या दांड्यावर बाबांनी चाळीस वर्षं नजर ठेवली, तिथे आता आत दिवा पेटणारी प्लास्टिकची पेटी बसवली आहे. कळ दाबली की वायूच्या जोरावर एक थंड, गोड, मेलेलं पाणी पेल्यात पडतं आणि त्याला बिअर म्हणायचं असतं. गेल्या हिवाळ्यात खाणकामगारांनी संप करून अख्ख्या देशाला मेणबत्तीच्या उजेडात जेवायला लावलं. त्याच खाणकामगारांना स्वतःच्या क्लबात घोटभर धड बिअर मिळत नाही. साम्राज्यं याहून लहान कारणांवरून कोसळलेली मी वाचली आहेत.

गेल्या रविवारी आईला क्लबात नेलं. तिने एक घोट घेतला, परत पेल्यात सोडला आणि सगळ्यांदेखत कारभाऱ्याला विचारलं की यात आधी कोणी अंघोळ केली होती का.

२६ ऑक्टोबरला ती नव्वदीची होईल. काय हवं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "एब्नरची बिअर. आणि विनी."

मी म्हणालो की बाबा चर्चच्या मागे आहेत आणि विनी न्यूझीलंडमध्ये.

"कोण कुठे आहे ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तू काय हवं ते विचारलंस."

सोळा वर्षांत तुला येता आलं नाही. तुझ्या नवऱ्याची, मर्डोची, बेकरी एक दिवस बंद राहिली तर निम्मं डनेडिन उपाशी झोपतं हे आम्हालाही कळतं. म्हणून मी तोड काढली आहे. बाबांची बिअर दोन्हीकडे करायची. तू तिथे, मी इथे, तोच माल, तेच प्रमाण. आणि त्या दिवशी, आमच्या जेवणाआधी आणि तुमच्या झोपण्याआधी, एकाच घटकेला तिघांनी एकच बिअर प्यायची. आईला हे सांगितलं तेव्हा तिने उठून बाबांचा पेला घासायला घेतला.

प्रमाण आईला तोंडपाठ आहे: माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा, पाक साडेपाच पौंड, साखर एक पौंड, हॉप्सची कडू फुलं तीन मुठी (बाबांच्या मुठी, म्हणजे तुझ्या पाच), आणि सगळं मिळून पाच गॅलन. बाबा बोट बुडवून चाटायचे आणि त्यावर ठरवायचे. आपण तसं करायचं नाही. आपल्याकडे हायड्रोमीटर आहे. तुला माहीत असलं तरी सांगतो, कारण अध्यक्षाला सांगायची सवय असते. साध्या पाण्यात ती काचेची नळी एक हजारावर तरंगते. साखर विरघळली की पाणी जड होतं, नळी वर उचलली जाते, आकडा वाढतो. यीस्ट साखर खात जातं तशी नळी बुडत जाते, आकडा उतरतो. उतरायचा थांबला की जेवण झालं, मग बाटल्या भरायच्या. सुरुवातीला १०४० आणि शेवटी दहा-बाराच्या, म्हणजे १०१०-१०१२च्या, आसपास आला, तर समज की बाबाच आले.

थॉर्नबी घरगुती बिअर मंडळाचा अध्यक्ष आणि तुझा भाऊ,
जेबेझ


डनेडिन
१४ ऑगस्ट १९७४

प्रिय जेबेझ,

तुझं पत्र मर्डोला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझा भाऊ पाव मागतानासुद्धा ठराव मांडत असेल. मी म्हटलं, मांडतो आणि अनुमोदनही स्वतःच देतो.

पण मी करणार. शनिवारी सगळं आणलं आणि रविवारी शिजवलं. घरभर तो वास पसरला. तो वास आपल्या मागच्या खोलीचा होता, जेबेझ. मी थोडा वेळ पायरीवर बसून राहिले. मर्डोला सांगितलं की हॉप्स डोळ्यांत गेले.

सुरुवातीचा आकडा बरोबर १०४०. बादली कपडे धुण्याच्या खोलीत ठेवली आहे. बेकरीत ऊब आहे, पण मर्डो तिथे ठेवू देत नाही. बिअरचं यीस्ट त्याच्या पिठात शिरेल आणि पाव बिघडतील अशी त्याला धास्ती आहे. शिवाय तो म्हणतो की इथल्या ऑगस्टच्या थंडीत हे व्हायचंच नाही. तो म्हणाला म्हणून मी रजई गुंडाळली आहे आणि आता ती बिअर व्हायलाच हवी.

तुझा सुरुवातीचा आकडा कळव. आईला सांग, मी तिच्या लग्नातला छोटा पेला काढून ठेवला आहे.

विनी


थॉर्नबी
२५ ऑगस्ट १९७४

प्रिय विनी,

बस आणि मग वाच. १०४८.

मी तीनदा पाहिलं. मंडळाचे खजिनदार सायलस वेअरमथ यांना बोलावून त्यांनाही वाकून पाहायला लावलं, आणि त्यांच्या कमरेचं दुखणं तुला ठाऊक आहे. एक हजार अठ्ठेचाळीस. त्याच पाकातून, त्याच साखरेतून, त्याच पाच गॅलनांत. बाबा असते तर म्हणाले असते, पोरा, तू माझ्या पुढे गेलास. (बाबा असं कधी म्हणाले नसते. पण मनात आणलं असतं.)

याचं कारण मी मंडळाच्या सभेत समजावून सांगितलं. एक, थॉर्नबीचं पाणी. दोन, ढवळण्याची पद्धत. मी डावीकडून ढवळतो. तीन, निष्ठा. तुमच्याकडे माल आहे, विनी, पण मागे इतिहास नाही. तिथले डोंगर माझ्याहून वयाने लहान असावेत. तुझा चाळीस ही चांगली, प्रामाणिक सुरुवात आहे आणि तुला त्यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही.

आईने बादली, चमचे, चाळण, नळी, सगळं स्वतः सोड्याने धुतलं, म्हणजे कोणाला न विचारता. मग खुर्ची बादलीशेजारी ओढून विणकाम घेऊन बसली. फेस वर यायला लागला तेव्हा कान लावून ऐकत होती. म्हणाली, "कुजबुजायला लागली बघ."

तिला इतकी खूश मी क्लबाच्या चिटणिसाने जिन्यावरून पडून पाय मोडला त्या दिवसानंतर पाहिलेली नाही.

तुझा,
जेबेझ


डनेडिन
३ सप्टेंबर १९७४

प्रिय जेबेझ,

माझ्याकडे कमीपणा भरपूर आहे, पण चाळीसाचा नाही. तुझा अठ्ठेचाळीस मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. धान्यातून साखर काढायची असती तर तुझं ढवळणं कामाला आलं असतं. आपण डब्यातला पाक वापरला. त्यात जेवढी साखर आहे तेवढीच आहे, आणि पाच गॅलन म्हणजे पाच गॅलन. भाषणाने त्यात भर पडत नाही. तू पाणी कमी घातलंस का? की तळाशी पाक बसलेला असताना खालचंच मोजलंस?

माझं म्हणशील तर छान चाललं आहे. आधी १०३०, मग १०२२, मग १०१६, आणि काल १०१२. जिना उतरावा तशी उतरली. मर्डो अजून काही बोललेला नाही.

तुझा आत्ताचा आकडा लिही. आणि सरळ लिही, सभा भरवू नकोस.

विनी


थॉर्नबी
१२ सप्टेंबर १९७४

प्रिय विनी,

पाणी कमी घातलेलं नाही. नीट ढवळलं होतं. सायलसला विचार.

आज १०१२. शांत झाली आहे. सगळं उत्तम.

इथे मंडळात मात्र पेटलं आहे. तो पॉटिंजर, स्टेशन रोडवरचा, ज्याच्याकडून आपण सगळे यीस्ट घेतो, तो लोकांना अर्धमेलं यीस्ट विकतो हे मी भर सभेत सिद्ध केलं. खात नाही, पचवत नाही, अर्ध्यावर हातपाय गाळतं असलं यीस्ट. मी उठून सांगितलं, बंधूंनो, ज्या यीस्टला कामाची लाज वाटते त्याला आपल्या बादलीत जागा नाही. तेराविरुद्ध दोन मतांनी पॉटिंजरवर बहिष्काराचा ठराव मंजूर झाला. विरोधात एक पॉटिंजरचा मेव्हणा आणि एक सायलस. सायलस म्हणाला, "जेबेझ, तुझी बिअर तर बारावर उतरली म्हणतोस, मग यीस्टने तुझं काय बिघडवलं?" मी म्हणालो, प्रश्न माझा नाही, तत्त्वाचा आहे.

बाटल्या शनिवारी २८ला भरणार. आईच्या खोलीला लागून जी फडताळाची जागा आहे तिथे ठेवीन, तिथे ऊब असते. तिलाही जवळ हव्यात.

जेबेझ


थॉर्नबी
१३ सप्टेंबर

विनी पोरी,

हात थरथरतो, अक्षर लावून घे.

तुझ्या भावाचं काहीतरी बिघडलं आहे. दिवसातून चार वेळा झाकण उघडतो, नळी सोडतो, बघतो, पुसतो, बाहेर जातो आणि कोबीशी बोलतो. माझ्याशी बोलत नाही. काल तो बाहेर गेल्यावर मी चष्मा लावून स्वतः पाहिलं. वीस. त्याने मला बारा सांगितलं आणि तुलाही बारा लिहिलं, मला माहीत आहे, कारण पाकीट मीच चिकटवलं.

त्याच्या वहीत पाहिलं, आठवडाभर वीसावरच बसली आहे. त्याला वाटतं अर्धवट राहिली. अठ्ठेचाळीसचा डंका गावभर वाजवला, आता वीसावर अडकली म्हणायला तोंड नाही. तरी २८ला भरणार म्हणतो, कारण तुला तसं लिहून बसला आहे.

मला बिअरचं आकड्यातलं कळत नाही. पण अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत भरून बूच ठोकलं की काय होतं ते मला कळतं. तुझ्या बाबांनी एकदा भरली होती, तू तीन वर्षांची होतीस. काचा छतात रुतल्या होत्या. त्यानंतर त्यांनी बाटलीला हात लावला नाही.

मी सांगितलं तर तो ऐकायचा नाही, मी आई आहे. तू सांग.

तुझी आई


तार
डनेडिन, २१ सप्टेंबर

बाटल्या भरू नकोस. नळी साध्या पाण्यात बुडवून काय दिसतं ते पाहा. आधी पाहा मग चिड. विनी


थॉर्नबी
२३ सप्टेंबर १९७४

प्रिय विनी,

तारवाला पोचला तेव्हा मी आधीच तयारी म्हणून बाटल्या उकळत्या पाण्यातून काढत होतो. तार वाचली आणि आधी चिडलो. आदेश उलटा पाळला.

मग आईकडे पाहिलं. ती विणकामातून मान वर न करता म्हणाली, "मीच लिहिलं." एवढंच. तुला माहीत आहे, ती एवढंच म्हणते तेव्हा वाद घालायला काही उरत नाही.

चिडून नळी उचलली, उंच पेल्यात नळाचं पाणी घेतलं आणि सोडली. साध्या पाण्यात. एक हजारावर तरंगायला हवी होती ना? १००८.

पाणी बदललं. १००८. शेजारच्या मिसेस रेनकडून पाणी आणलं, जणू तिच्या नळाला दुसरी नदी येते. १००८.

मग खिडकीत नेऊन पाहिलं. नळीच्या आत ज्या कागदावर आकडे छापलेले असतात तो कागद वरच्या टोकाकडे सरकलेला होता. त्याचा डिंक सुटला होता. आईला विचारलं, नळी धुतल्यावर तू कुठे ठेवतेस? म्हणाली, विणायच्या सुयांच्या बरणीत, चुलीशेजारी. कशी ठेवतेस? "बारीक टोक खाली. सुया तशाच ठेवतात." म्हणजे चुलीच्या उबेने डिंक मऊ होत होता आणि उलट्या नळीत कागद हळूहळू घसरत होता. ते कधीपासून, देव जाणे. बहुधा इस्टरपासून, कारण इस्टरपासून मंडळात माझ्या बिअरचे आकडे सर्वांत मोठे येत होते.

हिशेब तू आधीच केला असशील. अठ्ठेचाळीसमधून आठ गेले, चाळीस. अगदी तुझ्याइतका. थॉर्नबीचं पाणी, डावीकडून ढवळणं, इतिहास, सगळं मिळून शून्य. आणि वीसातून आठ गेले, बारा.

बारा, विनी. मी तुला खोटा म्हणून जो आकडा लिहिला, तोच खरा निघाला. बिअर केव्हाच जेवून, ताट धुऊन, शांत बसली होती. मी तिच्याकडे पाहत कोबीशी भांडत होतो. ज्या नळीने मला गर्व दिला तिनेच लाज दिली, आणि दोन्ही खोटे. मी एकावर गावभर विश्वास ठेवला आणि दुसरा लपवला. नळीने मात्र दोन्ही वेळा सारखीच चूक केली होती. तिच्यात माझ्यापेक्षा सातत्य आहे.

पॉटिंजरकडे गेलो. अख्ख्या मंडळाला घेऊन गेलो, कारण ठराव मंडळाचा होता. भाषण केलं नाही. सायलसला घड्याळ लावून उभं केलं होतं. पॉटिंजरने ऐकून घेतलं, मग खालच्या खणातून नवा हायड्रोमीटर काढला, पेलाभर पाण्यात बुडवून एक हजार दाखवला आणि म्हणाला, "अध्यक्ष, हा घ्या. आणि तुमच्या आईंना सांगा, सुयांसाठी वेगळी बरणी देतो." त्याचा मेव्हणा इतका हसला की त्याला बाहेर नेऊन बसवावं लागलं.

बाटल्या भरत नाही आहे. आई म्हणते, एब्नरने भरल्या नाहीत, तू का भरतोस, बादलीतून मगाने काढून पी. पटलं.

आता तुझ्याबद्दल. तुझी पत्रं मी आईला वाचून दाखवतो. तुझे आकडे ऐकले तेव्हा तिने मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. तीस, बावीस, सोळा, बारा. ती म्हणाली, "नव्या नवरीसारखी एकेक पायरी बघून उतरते हिची बिअर. खरी बिअर अशी उतरत नाही. खरी मध्येच बसून राहते, रुसते, मग एका रात्रीत धावते. विनीला विचार, तिने नळी शेवटची कधी बुडवली."

मी विचारतो आहे. मला विचारायचा अधिकार आज सर्वांत कमी आहे हे माहीत असूनही.

जेबेझ


डनेडिन
१ ऑक्टोबर १९७४

प्रिय जेबेझ,

तुझं पत्र मी बेकरीच्या मागच्या दारात उभी राहून वाचलं आणि इतकी हसले की मर्डो पिठाच्या हाताने बाहेर आला. मग शेवटच्या भागाशी आले आणि त्याला म्हटलं, काही नाही, जेबेझ आहे.

आईला सांग, ती बरोबर आहे.

१०३० खरा होता. त्यानंतर एकदा १०२४ आला आणि तिथेच थांबला. थंडी पडली, त्या खोलीत पाण्याच्या बादलीवर सकाळी बर्फाची पापडी धरत होती. रजई काय करणार. मी रोज जाऊन बघायचे, चोवीस. झाकण लावायचे. तुला बावीस लिहिलं, कारण दोनच तर फरक, उद्या उतरेल. मग सोळा लिहिला, कारण तोपर्यंत उतरायलाच हवी होती. बारा लिहिला तेव्हा माझी नळी पंधरा दिवस कोरडी होती. तुझं "सगळं उत्तम" आलं तेव्हा वाटलं, निदान एकाची तरी झाली, आईला निदान एक तरी खरा पेला मिळेल.

आणि त्यानंतर मी तुला तार केली. खोटं लिहिणाऱ्याला दुसऱ्याचं खोटं पकडायला घाई असते बहुतेक.

मर्डोला सांगितलेलं नाही. तो पहिल्या दिवशी म्हणाला होता की होणार नाही. तो शहाणपणा मिरवणारा माणूस नाही, तूही जाणतोस, पण काही न बोलता मान हलवतो, आणि ती मान मला बघवत नाही. वीस वर्षं मी भट्टीवाल्याची बायको आहे आणि माझं यीस्ट थंडीने झोपलं.

मी ठरवलं होतं की त्या दिवशी दुकानातली एक बाटली आणायची, पेल्यात ओतायची आणि त्या घटकेला प्यायची. आईला कळणार नव्हतं. कोणालाच कळणार नव्हतं.

चव घेऊन पाहिली, आंबट नाही, बिघडलेली नाही. फक्त गोड आहे आणि निश्चल. बादली अजून तिथेच आहे. फेकून द्यायला मन होत नाही.

तुम्ही दोघं प्या. माझ्याकडून आईला सांग की या वर्षी मला जमलं नाही.

विनी


थॉर्नबी
८ ऑक्टोबर १९७४

प्रिय विनी, आणि प्रिय मर्डो, कारण हे पत्र दोघांनी मिळून वाचायचं आहे. विनी, आता त्याला हाक मार. तो येईपर्यंत पुढचं वाचू नकोस.

आला? मर्डो, तुझ्या बायकोच्या बादलीत बिअर चोवीसावर थांबली आहे. ती तुझ्यापासून लपवते आहे, कारण तुझी मान. मी तुझी मान पाहिलेली आहे, तुमच्या लग्नात मी भाषणाला उभा राहिलो तेव्हा. ती कोणालाही गप्प करू शकते. आता ती खाली घाल आणि ऐक.

मी आईला तुझं पत्र वाचून दाखवलं, विनी, पूर्ण. लपवलं असतं तर तिने मला पकडलंच असतं आणि या महिन्यात मी पुरेसा पकडला गेलो आहे. तिने ऐकलं. मग हातातली ओळ विणून पुरी केली. मग म्हणाली, मेली नाही ती, गारठली आहे. तुझे बाबा बादली चुलीपुढे ओढायचे, तळाचा गाळ पळीने वर आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती परत बोलायला लागायची.

मी म्हणालो, विनीने लिहिलं आहे की तुम्ही दोघं प्या, माझं या वर्षी राहू दे.

तिने विणकाम मांडीवर ठेवलं. "तिला लिही," ती म्हणाली, "तिचा पेला भरलेला नसेल तर माझाही भरायचा नाही. त्या दिवशी मी एकोणनव्वदच राहीन. मला घाई नाही."

मर्डो, आता तुझ्याशी. बिअरचं यीस्ट पिठात शिरेल आणि पाव बिघडतील असं तुला वाटतं. मी हे पुस्तकांतून वाचून सांगतो, आणि पुस्तकावर विश्वास नसेल तर कोणत्याही म्हाताऱ्या बेकरला विचार: डब्यातलं यीस्ट निघण्याआधी शेकडो वर्षं बेकर लोक लोटा घेऊन बिअर गाळणाऱ्याच्या दारात उभे राहत आणि त्याचा फेस मागून नेत. त्यावर पाव फुगत. तुझ्या आजोबांच्या आजोबांनी ज्या फेसावर घर चालवलं, तो तुझ्या भट्टीशेजारी चार दिवस बसला तर तुझं पीठ त्याला ओळख देईल, धर्मांतर करणार नाही. झाकण लाव, कापड बांध, तुझं समाधान होईल ते सगळं कर. पण एक नव्वदीची बाई तिच्या मुलीचा पेला भरण्याची वाट पाहते आहे, आणि त्या बादलीला लागणारी ऊब साऱ्या डनेडिनमध्ये तुझ्याकडेच आहे. मी आयुष्यभर मालकांकडे मागण्या केल्या. कधी कोणाकडे विनंती केली नाही. ही विनंती आहे.

विनी, आकड्याची काळजी करू नकोस. आमची इथे नव्या नळीवर बारा आहे आणि बरी आहे. काल आईने चमचाभर चाखली. म्हणाली, "एब्नरची याहून वाईट असायची." मग चमचा चाटला आणि म्हणाली, "त्याला कळू देऊ नकोस."

तुझी पंधरावर राहो, अठरावर राहो, गोड राहो. बाबांची तरी दर वेळी कुठे सारखी असायची. मगाने काढ आणि पी. फक्त ती तुझी असू दे, दुकानातली नको.

हे पत्र पोचेल तेव्हा हातात दहा-बारा दिवस असतील. तेवढे पुरतात, जर आज सुरुवात केली तर. म्हणून पत्र घडी घालून ठेवू नका आणि उद्यावर टाकू नका. एक बाजू तू धर, दुसरी मर्डो धरेल. बादली उचला आणि आत्ता, याच संध्याकाळी, भट्टीशेजारी नेऊन ठेवा.

जेबेझ